चुनखडीचा बेडूक

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर मी वाण्याची यादी आणि औषधांच्या वेळा एवढंच लिहिलं. हात अवघडतो, मधेच थांबावं लागतं. पण ही गोष्ट नुसती मनात ठेवली तर मी ती माझ्या सोयीने बदलीन, अशी मला भीती वाटते. म्हणून लिहिते.

मँचेस्टरहून निघालेली ट्राम जिथे संपते त्या गावात आम्ही राहतो. मिस्टर एका रेस्टॉरंटमध्ये कूक आहेत. मुलगी एडिनबराला नर्सिंग शिकते. गावात एक लहानसं म्युझियम आहे, तिथे मी सकाळी पाच ते आठ साफसफाई करते. काम एजन्सीमार्फत आहे. ते मला ताईंनी मिळवून दिलं, त्याही तिथेच साफसफाई करतात.

ताई माझ्या सख्ख्या नव्हेत. त्या नागपूरच्या, साठीच्या जवळ आलेल्या, एकट्या राहतात. इंग्रजी फडाफडा बोलतात, चुकलं तरी थांबत नाहीत. मी अगदी उलट. मला इंग्रजी थोडं कळतं, पण तोंड उघडायची वेळ आली की एक शब्द आठवत नाही. दुकानात सुट्टे पैसे कमी आले तरी मी तशीच बाहेर यायची. ताई मला हाताला धरून परत आत न्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. डॉक्टरकडे, बँकेत, मुलीच्या शाळेत, सगळीकडे माझं बोलणं ताईंनीच केलं. रविवारी त्या विहारात जातात, तर मीही सोबत जाते. मी त्यांच्या धर्मातली नाही, पण तिथे चार माणसं मराठी बोलतात आणि मला कुणी काही विचारत नाही.

म्युझियमच्या वरच्या मजल्यावर इजिप्तची खोली आहे. तिथे काचेच्या कपाटात एक दगडाचा बेडूक होता. मुठीएवढा, पिवळट पांढरा, पुढचे पाय जवळ घेऊन बसलेला. पहिल्या दिवशी ताईंनी मला पाटी वाचून दाखवली, हजारो वर्षांचा आहे म्हणून.

"एवढा म्हातारा झाला, पण कसा टुमकन बसून आहे पाह्य," त्या म्हणाल्या. "नाहीतर आपले गुडघे."

मी रोज त्या कपाटाची काच पुसताना थोडा जास्त वेळ थांबायची. त्याचं कारण माझे वडील. ते पाथरवट होते. सोलापूरकडे गावोगाव जाऊन पाटे, वरवंटे, जाती घडवायचे, जुन्या पाट्यांना टाकी लावून द्यायचे. मी शाळा सोडली ती त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरायला. त्यामुळे मला दगडावरच्या खुणा दिसतात. बेडकाच्या पाठीवर कारागिराने घासून घासून छान गुळगुळीत केलं होतं, पण पोटाशी, जिथे सहज कुणी बघत नाही, तिथे छिन्नीचे ओरखडे तसेच सोडले होते. डावा डोळा उजव्यापेक्षा खोल गेला होता. तेव्हा तो नक्की स्वतःवर चिडला असेल. वडील चिडायचे तेव्हा दगडाकडे पाठ करून बसायचे आणि तंबाखू मळायचे.

मागच्या वर्षी ते कपाट बदलायला काढलं. आतल्या वस्तू मागच्या बंद खोलीत एका ट्रॉलीवर ठेवल्या, खाली मऊ स्पंज आणि वरून पांढरी चादर. आम्हाला सांगितलं होतं, तिथे फक्त फरशी पुसायची, ट्रॉलीला हात लावायचा नाही. ती खोली ताईंच्या वाट्याची होती. पण त्या दिवशी ताईंचा गुडघा सुजला होता आणि खोली दोन जिने वर.

"तू जाऊन ये वं," त्या म्हणाल्या. "खोलीच्या कागदावर सही मी करतो."

आम्ही अशी अदलाबदल नेहमी करायचो. मी गेले. फरशी पुसली. मग चादरीचा कोपरा उचलला.

बेडूक पहिल्यांदा काचेशिवाय समोर होता. मी नुसतं बघायचं ठरवलं होतं. पण त्याच्या पुढच्या उजव्या पायाभोवती मला एक रेघ दिसली, केसाएवढी. काचेतून ती कधी दिसली नव्हती. मी नखाने पाठीवर टिचकी मारली. चांगला दगड खणखणतो. हा बद्द वाजला.

आता कुणी त्याला उचललं तर पाय ट्रॉलीवर राहील आणि बेडूक हातात येईल, असं माझ्या मनात आलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं कुणाला आणि कसं? आणि आधी हे विचारतील की तू चादर का उचललीस. मी म्हटलं, निदान खात्री करून घ्यावी, मग ताईंकडून सांगवावं.

भेगेची खात्री कशी करायची ते मला वडिलांनी शिकवलं होतं. दगडावर पाणी फिरवायचं आणि थांबायचं. वरचं पाणी लगेच वाळतं, पण भेगेत शिरलेलं पाणी राहतं. सगळा दगड कोरडा झाला की भेग तेवढी काळ्या दोऱ्यासारखी उमटते. मी हे शंभर वेळा पाहिलं आहे. गिऱ्हाईकासमोर वडील मला हाक मारायचे, "पाणी आण गं," आणि मी तांब्या घेऊन पळायची. घडवायच्या आधी दगड तपासला नाही तर आठ दिवसांची मेहनत एका घावात दोन तुकडे होऊन पडते.

मी स्वच्छ फडकं ओलं केलं, पिळलं आणि बेडकाच्या पाठीवरून, पायावरून फिरवलं. आणि थांबले.

तो वाळला नाही. आमच्याकडचा काळा दगड पाणी पीत नाही. हा प्यायला. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा रंग गडद होत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. रेघ कुठे, पाठ कुठे, काही कळेना. मी घाबरले. ओढणीने टिपलं, फुंकर मारली, चादर होती तशी टाकली आणि खाली आले.

"झालं का?" ताईंनी विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी मी हळूच बघितलं. तो पुन्हा पिवळट पांढरा झाला होता, काहीच झालं नव्हतं. मला एवढं हलकं वाटलं की त्या रेघेबद्दल ताईंना सांगायचं मी टाळलं. सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

नऊ-दहा दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाज वेगळाच.

"अवं, मले उद्यापासून येऊ नको म्हणते एजन्सीवाला. त्या बेडकाच्या अंगावर पांढरं पांढरं आलं म्हणे, पावडर लावल्यासारखं. मी त्याच्यावर स्प्रे मारला म्हणते! मले काय येड लागलं? कागदावर सही माही आहे ना." मग जरा थांबून, "तू त्या दिवशी हात-बीत नव्हता ना लावला?"

"नाही ताई," मी म्हटलं.

"मले माहीतच होतं. तू तं काचेलाही भिऊन भिऊन पुसते."

पांढरं म्हणजे काय ते मला फोन ठेवायच्या आत कळलं होतं. लोणा. आमच्या गावात देवळाच्या भिंतीला लागायचा, बोट फिरवलं की मिठासारखा हाताला यायचा. पाणी आत गेलं की बाहेर येताना मीठ घेऊन येतं. हे मला माहीत होतं. फक्त ते आधी आठवलं नाही.

चौकशी होईपर्यंत ताईंना काम नाही आणि पगारही नाही, असं एजन्सीने कळवलं. ताईंनी त्यांना एवढंच सांगितलं, की आपण काही केलं नाही. त्या दिवशी खोलीत मी गेले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या तेव्हाच सुटल्या असत्या.

असे तीन आठवडे गेले. मी रोज कामाला जात होते. संध्याकाळी ताईंकडे जाऊन बसत होते, त्या चहा करत होत्या. त्यांनी हीटिंग बंद ठेवलं होतं आणि घरात कोट घालून बसत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, "मले गरम होते बाप्पा." ट्रामचे पैसे वाचवायला त्या विहारापर्यंत चालत येऊ लागल्या, त्या गुडघ्याने. रविवारी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना, खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं की मी नुसते ओठ हलवायची. शेजारी ताई मोठ्याने म्हणायच्या.

मिस्टरांना मी एका सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "मग बोलून टाक."

"काम जाईल. पोरीची फी आहे."

"मग बोलू नकोस."

"अहो, असं काय करता?"

"तू मला विचारतेस, की मी सांगेन त्याच्या उलट बोलायचं ठरवून आलीयस?" असं म्हणून ते आंघोळीला गेले. त्यांचंही बरोबर होतं.

मग ताईंना चौकशीच्या मीटिंगचं पत्र आलं. सोबत एक सहकारी आणता येतो असं त्यात लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "तू चाल. नुसती बाजूले बसून राहा. मले जरा धीर. बोलायचं काही नाही तुले."

खोलीत तिघं होती. एजन्सीचा साहेब, म्युझियमच्या मॅनेजर बाई, आणि एक पांढऱ्या केसांची बाई, जिला मी मनात दगडांची डॉक्टर म्हणते, कारण तिचं कामच ते होतं. साहेबाने कागद वाचला. ताई सांगू लागल्या, मी असं कधीच करणार नाही, इतकी वर्षं काम करते. त्यांचा आवाज एकदा हलला. त्यांचा आवाज हललेला मी कधी ऐकला नव्हता.

मी त्यांच्या बाहीला हात लावला. "ताई, पाणी मी लावलं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाने विचारलं, ही काय म्हणते?

ताईंनी इंग्रजीत सांगितलं, "हिला थंडी वाजतेय."

साहेब बिचारा उठला आणि त्याने खिडकी बंद केली.

"ताई, खरंच. मीच. फडकं ओलं करून."

"गप बस," ताई मराठीत म्हणाल्या, चेहरा हसरा ठेवून, म्हणजे समोरच्यांना कळू नये. "आता सांगते का हे? आता? मी म्हातारी बाई, दुसरं काही पाहीन. तुह्या पोरीची फी कोण भरन, हा गोरा?"

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी नाही सांगत."

माझं बोलणं दुसऱ्या कुणी केलं नाही, असं इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच झालं. मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, शाळेत उत्तर देताना राहायचो म्हणून असेल. माझ्या कोटाच्या खिशात कामाचं फडकं होतं, ते मी बाहेर काढलं.

"नो कोल्ड," मी म्हटलं. "आय वॉटर. फ्रॉग, आय वॉटर. शी, नो." आणि ते फडकं मी माझ्या दुसऱ्या हाताच्या मुठीवरून फिरवून दाखवलं.

दगडांच्या डॉक्टर बाईने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, का?

आता ताईंना भाग पडलं. त्यांनी माझं सगळं इंग्रजीत केलं, वडील, पाटे, तांब्या, काळा दोरा. पण मधे मधे मराठीत मलाही ऐकवत होत्या. "बाप तुहा पाथरवट होता, हे मले आज सांगते. सात वर्षं झाली वळखीले." आणि परत इंग्रजी. डॉक्टर बाई ऐकत होती. मी टिचकीचं सांगितलं तेव्हा तिने पेन्सिलीने टेबलावर टकटक करून बघितलं.

मग तिने लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. बेडकाचा पाय फार पूर्वी तुटलेला होता आणि कुणीतरी चिकटवलेला होता. त्यांच्या नोंदीत ते होतं. म्हणजे रेघ खरी होती, पण ती सगळ्यांना ठाऊक होती आणि माझ्या सांगण्याची कुणाला गरज नव्हती. बद्द आवाजाचं ती म्हणाली, चुनखडी मऊ असते, ती तशीच वाजते. आणि हा दगड हजारो वर्षं जमिनीत होता, आत मीठ भरलेलं. पाणी लागल्यावर ते हळूहळू वर आलं. पाठीवरचा घासून केलेला तुळतुळीतपणा दोन ठिकाणी सुटून आला आहे. तो परत येणार नाही.

हे ताईंनी मला हळू आवाजात सांगितलं. मला त्या कारागिराची आठवण आली आणि मी रडले. तोपर्यंत रडले नव्हते.

बाकीचं मीठ कसं काढणार, असं मी विचारलं. ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून, ती म्हणाली, पुन्हा पुन्हा, काही महिने.

"म्हणजे त्या पण पाणीच लावणार?" मी ताईंना म्हटलं. ताईंनी ते तसंच्या तसं सांगून टाकलं, मी हाताने नको नको करत होते तरी. डॉक्टर बाई हसली. म्हणाली, हो, पण शुद्ध केलेलं पाणी, आणि आधी विचारून.

माझं काम गेलं नाही. लेखी ताकीद मिळाली आणि वस्तूंच्या खोल्या मला बंद झाल्या. आता मी कॅफे, टॉयलेट आणि ऑफिस करते. ताईंनाही ताकीद मिळाली, खोट्या सहीची. त्यांना सोमवारपासून परत बोलावलं. पण तीन आठवड्यांच्या पगाराचं विचारल्यावर साहेब म्हणाला, जे तास झाले नाहीत त्याचा पगार नसतो.

बाहेर आलो तर ताई पुढे आणि मी मागे. ट्रामच्या स्टॉपवर त्या बाकावर बसल्या. मी उभीच.

"तीन हप्ते," त्या म्हणाल्या. "तीन हप्ते माह्या घरी येऊन चहा पिऊन गेली तू."

"हो."

"अन् वरून म्हणे, ताई साखर जरा कमी पडली."

मी ट्राम येते का ते बघू लागले.

"मी तुह्यासाठी तोंड बंद ठेवलं. मले वाटलं, पोरगी म्हणते नाही लावला, तं नाही लावला. आता त्या बिचारीले कायले अडकवायचं."

"ताई, तीन आठवड्यांचे पैसे मी देईन."

"भीक देते का मले?"

"नाही. तुमचेच आहेत. माझ्यामुळे गेले."

ट्राम आली. आम्ही चढलो. दोन स्टॉप गेल्यावर ताईंनी फोन काढून हिशोब केला. "पाचशे चाळीस पौंड होतात," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण घेईन. जाऊ दे-बिऊ दे म्हणणार नाही, सांगून ठेवतो."

"नका म्हणू," मी म्हटलं. त्या जाऊ दे म्हणाल्या असत्या तर मला पुन्हा कधी त्यांच्या दारात जाता आलं नसतं.

मिस्टरांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "पाचशे चाळीस? बेडकाचे? आमच्याकडे आख्खा बकरासुद्धा इतका महाग येत नाही." पण घरखर्चाच्या पैशातून घे असंही म्हणाले. मी घेतले नाहीत. शनिवारी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात साफसफाई मिळाली. ती मी स्वतः जाऊन विचारली. रिसेप्शनवरच्या मुलीला माझं म्हणणं तीनदा सांगावं लागलं, पण मी तशीच बाहेर आले नाही.

दर शनिवारी वीस पौंड. मी ताईंच्या घरी जायची, नोट द्यायची, त्या घ्यायच्या. पहिले कित्येक आठवडे त्या मला आत बोलवत नव्हत्या. दारातच घ्यायच्या आणि दार लावायच्या. कामावर कामापुरतं बोलायच्या. विहारात माझ्याशेजारी दुसरी कुणीतरी बसायची. एका शनिवारी मला ताप होता आणि मी गेले नाही, तर रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काल आली नाही?" मी पर्समधून वीस काढून दिले. बायका बघत राहिल्या. मला वाईट वाटलं, पण मग लक्षात आलं की त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं हे पैसे कशाचे. सगळ्यांना वाटलं असेल भिशी आहे.

हिवाळ्यात एकदा फार पाऊस होता. दार उघडून त्या म्हणाल्या, "आत ये, फरशी ओली करू नको तेवढी." चहा दिला. साखर भरपूर होती, चहा पिववत नव्हता. मी सगळा प्यायले. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता बरोबर आहे ना?" आणि दोघींनाही हसू आलं, पण त्यांना आधी आलं.

बेडूक अजून डॉक्टर बाईकडेच आहे. नव्या कपाटात त्याच्या जागी एक लहान कार्ड ठेवलं आहे, असं ताई सांगतात. मी त्या खोलीत जात नाही. जायला हरकत नाही, दिवसा कुणीही जाऊ शकतं, तिकीट नाही. पण अजून गेले नाही.

गेल्या शनिवारी मी शेवटचे वीस पौंड दिले. ताई चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांनी नोट उजेडात धरून बघितली, मी हसले नाही, मग त्यांनी ती पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"पाचशे चाळीस," त्या म्हणाल्या. "फिटले."